बगळ्याला उभं राहता येऊ नये म्हणून

वैशाख तापायला लागला, तळ्याविहिरींचं पाणी उतरलं, की बगळे माणसांच्या जवळ येतात. एरवी दूर बांधावर दिसणारं पाखरू अशा दिवसांत थेट परसात उतरतं. परवा इथं धाराशिवला आमच्या अंगणात तसंच झालं. सुनेनं हौसेनं तुळशीपाशी सिमेंटचं लहानसं तळं करून घेतलंय, त्यात केशरी मासे सोडलेत. सकाळी ती झाडायला म्हणून बाहेर गेली आणि केरसुणी हातात घेऊनच परत आली. "आई, राखी रंगाचा केवढा तरी बगळा होता. मासे कमी झालेत."

मी काठी टेकत जाऊन पाहिलं. तळं देखणं होतं. बशीसारखं, कडेला उथळ, मधे जरा खोल, उतारावर रंगीत गोटे लावलेले. मी म्हटलं, "हा उतार काढून टाक. काठ सरळ उभा करून घे. आत फरशीचे तुकडे आडवे बसव, खाली मासे शिरतील असे. आणि काठाभोवती दोरी बांध, त्याच्या नडगीला लागेल एवढ्या उंचीवर."

ती बघतच राहिली. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"मुरुमला एकदा केलं होतं," एवढंच म्हटलं आणि आत आले. पुढचं सांगायचं तर खूप सांगावं लागलं असतं, आणि तिला कचेरीत जायची घाई होती.

तो अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा. मी लग्न होऊन मुरुमला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. माझे सासरे शिवप्पा, त्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा. धान्याची आडत होती आमची. पुढं दुकान, मधे कोठार, मागं घर. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात अर्धं बोलणं कानडीत चालायचं, अर्धं मराठीत, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडी असेल त्या भाषेत. माझं माहेर तेरणेच्या काठचं, मला कानडी येत नव्हती. अप्पा माझ्यासाठी मुद्दाम मराठीत बोलायचे, आणि मधेच विसरून कानडीत शिरले की स्वतःच हसायचे.

त्या उन्हाळ्यात मात्र ते फारसे हसले नाहीत. माझे यजमान माघातच घर सोडून सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या मुलखात गेले होते. निजामाचं राज्य जावं म्हणून झटणाऱ्या पोरांची तिकडं शिबिरं होती. जाताना मला म्हणाले, "कुणी विचारलं तर मामाकडं गेलेत म्हण." इकडं निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव हिंडत होत्या. अमक्या गावात गंजी पेटवल्या, तमक्या गावातनं माणसं नेली, अशा बातम्या बाजाराच्या दिवशी धान्याच्या पोत्यांबरोबर आमच्या दुकानात यायच्या. पैसेवाली घरं बैलगाड्या भरून सरहद्दीकडं निघाली होती. अप्पा हलत नव्हते. पोरगा परत आला आणि दाराला कुलूप दिसलं तर तो कुठं जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांचा एक नेम होता. महादेवाच्या देवळामागं एक जुनी बारव आहे, पायऱ्यापायऱ्यांची. सकाळी पूजा झाली की अप्पा कणकेच्या गोळ्या घेऊन तिथं जायचे आणि माशांना घालायचे. काळसर पाठीचे, पोटाशी रुपेरी मासे. अप्पांची पावलं पायरीवर वाजली की पाणी हलायला लागायचं. त्या साली पाणी इतकं खाली गेलं की मासे चिखलातच वळवळू लागले, आणि बगळे येऊन पायऱ्यांवर ओळीनं बसायला लागले. अप्पा काठी घेऊन हाकलायचे. पाठ वळली की बगळे परत.

त्यावर तोड काढली करीमचाचांनी.

करीमचाचा तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे. आता घरीच असायचे. गावाच्या कडेला त्यांची बाग होती. पेरू, रामफळ, थोडी मोसंबी, आणि मुबलक पाण्याची विहीर. बागेतच घर, दारात एक गाय. अप्पा आणि ते लहानपणापासूनचे जोडीदार. दोघांत अरे-तुरे. अप्पांना नावानं हाक मारणारा गावात तो एकच माणूस उरला होता.

"शिवप्पा, तुझे मासे माझ्या बागंत आण," चाचा म्हणाले. "मोटंचं पाणी पाटात पडायच्या आधी एका तळ्यात पडंल असं करू. पाऊस झाला की ने परत."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय कमी म्हणतायत?"

खरंच म्हणत होते. आमच्याकडचे म्हणायचे, त्याच्या बागेत कशाला जाता. त्यांच्याकडचे म्हणायचे, शिवप्पाचा पोरगा कुठं गेलाय ते ठाऊक आहे ना तुम्हाला. तळं हे निमित्त झालं. तळं बांधायचंय म्हटल्यावर दोन म्हाताऱ्यांना रोज भेटायला कारण मिळालं. मीही भाकरी घेऊन मागोमाग जायची, कारण घरात एकटीनं राहणं बरं नव्हतं. चाचांची बायको अम्माबी मला सावलीत बसवून घ्यायची आणि पेरूच्या फोडींना मीठ लावून द्यायची.

पहिलं तळं चाचांच्या मनासारखं झालं. त्यांनी हैदराबादेत कुण्या नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, तसं पाहिलं होतं. गोल, हळूहळू उतरत जाणारं, कडेला कमळं. गवंड्याकडून चुना घोटून घेतला. बारवेतले मासे घागरींतून आणून सोडले. अप्पांनी हातानं पाणी हलवलं आणि कणकेची गोळी टाकली. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग एक तोंड वर आलं, मग दुसरं. चाचा मोठ्यानं म्हणाले, "ओळखलं रे तुला." त्या दिवशी मी अप्पांना हसताना पाहिलं.

दुसऱ्या सकाळी राखी बगळा आला. चांगला माझ्या कमरेएवढा उंच, मानेवर काळी रेघ, डोक्यामागं लोंबती काळी शेंडी. मी बागेच्या फाटकात होते. तो वरून झेपावत नाही, हे मी माहेरी नदीवर पाहिलेलं. तो आधी काठावर उतरतो. थांबतो. मग एक पाय पाण्यात टाकतो, तो पाण्याला कळू न देता. गुडघाभर पाण्यात गेला की लाकडासारखा उभा राहतो. मासा आपणच त्याच्या पायाशी येतो. त्या सुंदर उताराच्या तळ्यात आम्ही त्याला चालत यायला रस्ताच करून दिला होता.

अप्पा दिवसभर काठी घेऊन बसायला लागले. दुकान ओस. चाचा म्हणाले, कमळं वाढली की मासे लपतील. अप्पा म्हणाले, तोवर मासे कुठले राहायला. दोघांची कडाक्याची जुंपली. मी सासऱ्यांपुढं बोलत नसे, पण त्या दिवशी राहवलं नाही. पदर सावरून उठले, अम्माबीची परात आणली, त्यात पाणी ओतलं, आणि शेजारी भरलेली घागर ठेवली.

"बगळा परातीत उभा राहील," मी म्हटलं. "घागरीत कसा राहील?"

मग चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बेटी बरोबर बोलती. उतारच नको. विहिरीवाणी काठ पाहिजे."

तळं उपसलं, मासे हांड्यांत आणि रांजणात ठेवले, आणि पुन्हा खणायला घेतलं. या वेळी सगळं माझ्या विचारानं चाललं, आणि आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून त्या दिवसांतलं सगळं मला अजून लख्ख आठवतं. काठ पुरुषभर खोल आणि सरळ उभे. तळाशी शहाबादी फरशीचे तुकडे दगडांवर आडवे ठेवले, त्याखाली अंधाऱ्या कपारी झाल्या. पाणी काठाच्या हातभर खाली राहील अशी वाट काढली, म्हणजे काठावर बसूनही चोच पोचू नये. तरी तो आलाच. काठावर वाकून, मान केवढी तरी लांब करून त्यानं वरवर फिरणारा एक मासा उचलला. मग काठाभोवती खुंट्या ठोकल्या आणि सुतळीचे दोन फेरे बांधले, एक त्याच्या नडगीला लागेल असा, एक छातीला. बगळ्याला पायाला काही अडकलेलं खपत नाही. तो सुतळीपर्यंत यायचा, पाय उचलायचा, तसाच अधांतरी धरून विचार करायचा आणि मागं फिरायचा.

पण अप्पांना गोळ्या टाकायला एक जागा मोकळी ठेवली होती. चार दिवसांत बगळ्याला ती सापडली. अम्माबीनं घरातली एक जुनी बाज आणली, तिची वीण बोटांनी सैल केली आणि ती मोकळ्या जागेवर पाण्यावर आडवी टाकायला लावली. विणीतून गोळी खाली जायची, चोच जात नव्हती. बाजेच्या सावलीत मासे गोळा व्हायचे.

त्यानंतर बगळा समोरच्या जांभळीवर बसून राहायचा. उन्हानं चोच उघडी टाकून. आसपास कुठं पाणी नव्हतं. अम्माबी म्हणाली, "त्याचंबी प्वाट हाय की वो भाईसाब."

"आसंल," अप्पा म्हणाले. "पर हे मासे माज्या हातचं खात्यात. त्यास्नी कोणाचं भ्या न्हाई ऱ्हायलं. ते म्याच घालवलं. मग राखाया नगं?"



मृगानं वेळेवर हजेरी लावली. बारवेत पाणी चढलं. मासे परत नेण्याचा विषय मात्र अप्पांनी काढला नाही, आणि चाचांनीही नाही.

आषाढात टोळी आमच्या गावात आली. दुपारची वेळ. अप्पा दुकानात, मी कोठाराच्या दारात धान्य पाखडत होते. त्यांनी मुलाचं नाव घेऊन विचारलं. अप्पांनी मामाचं गाव सांगितलं. एकानं पोत्यात भाला खुपसला, ज्वारी भळाभळा सांडली. तेवढ्यात चाचा आले. धावत आल्यामुळं दम लागलेला, पायात वहाण नाही. ते येऊन दारात उभे राहिले, चौकटीला दोन्ही हात लावून, आणि उर्दूत बोलायला लागले. मला सगळं कळलं नाही. एवढं कळलं, की हे घर माझं आहे, आत माझी सून आहे, आत जायचं तर मला बाजूला करून जा. टोळीतला एक पोरसवदा चाचांच्या पायाशी थुंकला आणि काहीतरी घाण बोलला. चाचांनी हात खाली घेतले नाहीत. बराच वेळ तसंच चाललं. मग टोळी निघून गेली. चाचा खाली बसले आणि सांडलेली ज्वारी ओंजळीनं गोळा करायला लागले. अप्पा म्हणाले, "असू दे रे." चाचा म्हणाले, "थांब. हाताला काम पाहिजे जरा."

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज नळदुर्गाच्या बाजूनं आत शिरली आणि बघता बघता निजामाचं राज्य संपलं. लोकांनी गुढ्या उभारल्या. माझा आनंद खोटा नव्हता. आता हे घरी येतील, एवढंच मला दिसत होतं. मग आजूबाजूच्या गावांतून निराळ्या बातम्या यायला लागल्या. आता दुसऱ्यांची घरं पेटत होती. ज्यांनी काही केलं होतं ते कधीच पळाले होते. राहिले होते ते करीमचाचांसारखे.

अप्पांनी कुणाला विचारलं नाही. भल्या सकाळी जाऊन चाचा-अम्माबीला घेऊन आले आणि कोठारात, पोत्यांच्या थप्पीमागं बसवलं. मला म्हणाले, "गंगू, तू दारात सूप घेऊन बस. कोण आलं तर उठू नगंस." आणि स्वतः बागेकडं गेले.

मी बसले. पाखडायला काही नव्हतं, तीच ज्वारी पुन्हा पुन्हा पाखडत होते. बागेकडून आरडाओरडा ऐकू येत होता, झाडं तोडल्याचे आवाज, मग धूर. माझ्यामागं पोत्यांआड दोन माणसं श्वास दाबून तेच ऐकत होती. अम्माबीनं एकदाच हळू विचारलं, "बेटी, गाय?" मी सूप हलवत राहिले.

ऊन चढल्यावर अप्पा परत आले. धोतर मांडीपर्यंत चिखलानं भरलेलं, कोपर सोललेलं. फाटकात आडवे झाले तर लोकांनी त्यांना उचलून बाजूला ठेवलं. मारलं नाही. "अप्पा, तुमी मदी पडू नगा," असं अदबीनं म्हणत उचललं. सगळे ओळखीचे. कुणाच्या बापाबरोबर अप्पांचा व्यवहार, कुणाच्या लग्नात अप्पा मानाचे.

"गाय सोडली म्या," त्यांनी पोत्यांकडं तोंड करून सांगितलं. घर गेलं हेही सांगितलं. मी धोतर धुवायला घेतलं तेव्हा त्या चिखलात माशांचे खवले चिकटलेले होते. तळ्याचा काठ उभा होता, पाणी खोल होतं, म्हणून लोकांनी आधी कुदळीनं काठ फोडून पाणी बागेत सोडलं होतं आणि मग आत उतरून मासे हातानं धरले होते. हे मला नंतर, दुसऱ्यांकडून कळलं. अप्पांनी कधी सांगितलं नाही. चाचांनी कधी विचारलं नाही.

हे आले ते गळ्यात हार घालून, वाजतगाजत. दाढी वाढलेली, अंगानं वाळलेले. मी ओवाळलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्यांना कोठारातलं कळलं. त्यांनी अप्पांना काही म्हटलं नाही. मला आत बोलावून म्हणाले, "त्यांना आता जाऊ द्या. गाव बोलतंय. मला उद्या लोकांपुढं उभं राहायचंय."

"कुठं जातील?" मी म्हटलं. "घर राहिलं नाही त्यांना."

"ते मी काय करू?"

"तुम्हाला शोधायला लोक आले तेव्हा या दारात ते उभे राहिले. तुम्ही नव्हता, म्हणून सांगते."

नवऱ्याशी मी त्या सुरात कधी बोलले नव्हते. वाईट माणूस नव्हते ते. पुढं चाळीस वर्षं मी त्यांच्याबरोबर संसार केला, त्यांनी गावात शाळा आणली, दवाखाना आणला. पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही, आणि मीही तिथं थांबले नाही. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.

चाचा-अम्माबी दिवाळीनंतर गेले, गुलबर्ग्याला लेकीकडं. तोवर ते आमच्या घरातच होते. जेवायला अप्पांच्या शेजारी चाचांचं ताट असायचं. त्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती पहिल्यांदा माझ्याही ध्यानात आली नाही. चाचा अप्पांना 'तुम्ही' म्हणायला लागले. "तुम्ही आधी बसा." "तुमचं दुकान उघडायची वेळ झाली." अप्पा चिडले. "आरं करीम, तुला काय झालं? शिवप्पा म्हण की." चाचा मान हलवायचे, हसायचे, आणि पुढच्या वाक्यात पुन्हा 'तुम्ही' यायचं. मुद्दाम करत होते असं नाही. त्यांच्या तोंडातून दुसरं काही निघतच नव्हतं. गाडीत बसतानाही म्हणाले, "येतो. तब्येतीला जपा तुम्ही." अप्पा गाडीमागं वेशीपर्यंत गेले. परत आल्यावर ओसरीवर बसून राहिले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "लई दूर गेला गं करीम." गाडी तर अजून कोसभरही गेली नसेल.

बाग पडूनच राहिली. पुढं कुणी तरी तिथं कडब्याची वळई रचली. अप्पा बारवेकडंही जाईनासे झाले. पावसानं तिथं पुन्हा मासे झालेत असं पुजारी सांगायचा. अप्पा ऐकून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात तुरीची आवक सुरू झाली. दुकानात तराजू टांगलेला, अप्पा मापाला बसलेले, हे हिशेबाला. मी मागच्या दारातून चहा घेऊन गेले. जवळच्याच वस्तीतला एक कुणबी गाडी घेऊन आला होता. चांगल्यातला माणूस, वर्षानुवर्षं आमच्याकडं माल घालणारा. पोती उतरवता उतरवता इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या. आणि अगदी सहज, कुरापत काढायची म्हणून नव्हे, तो म्हणाला, "अप्पा, त्या चाचाच्या बागंतलं मासं लई ग्वाड हुतं बगा. कणीक खाऊन खाऊन."

अप्पांच्या हातात तराजूची दोरी होती. त्यांनी पारडं हळूच खाली टेकवलं, दोरी सोडली, आणि दोन्ही हात धोतराला पुसले. माझ्या हातातला चहा न घेता ते माझ्या शेजारून आत निघून गेले. त्यानंतर मरेपर्यंत ते त्या गादीवर बसले नाहीत.

आपण काय बोललो ते त्या माणसाला कळलंच नाही. तो थोडा वेळ आतल्या दाराकडं बघत उभा राहिला. मग हे उठले, वही बाजूला ठेवली, दोरी हातात घेतली. उरलेली पोती ह्यांनी मापली.